मांडीतल्या शिरेची नावं

गुडघ्यामागच्या खळगीतून एक जाड शीर वर मांडीत शिरते. स्नायूंच्या आडोशाने, मांडीच्या मोठ्या धमनीला लगटून ती जांघेपर्यंत जाते आणि तिथून ओटीपोटात. पायाच्या खोल शिरांमधली ही महत्त्वाची शीर. तिच्यात रक्ताची गुठळी झाली आणि ती सुटली, तर हृदयातून पुढे फुप्फुसात जाऊन अडकते. धडधाकट माणूस बघता बघता दगावू शकतो. म्हणून अशी गुठळी दिसली की रक्त पातळ करणारं औषध सुरू करायला डॉक्टर वेळ घालवत नाहीत. कातडीखालच्या, वरवरच्या शिरेतली गुठळी सहसा इतकी घातक नसते. तिच्यावर पुष्कळदा साध्या उपचारांनी भागतं.

आणि या खोल शिरेला शल्यचिकित्सक आणि डॉप्लर तपासणी (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह पाहण्याची तपासणी) करणारे डॉक्टर वर्षानुवर्षं ‘सुपरफिशियल फीमोरल व्हेन’ म्हणत आले. म्हणजे मांडीतली वरवरची शीर.

हे नाव कुणी खोडसाळपणाने दिलेलं नव्हतं. मांडीत तिच्याहूनही खोल एक शीर आहे, ‘डीप फीमोरल’. दोघी जांघेच्या थोडं खाली एकमेकींना मिळतात. त्या खोल शिरेच्या मानाने ही वरची, एवढाच त्या विशेषणाचा अर्थ. रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोन्ही शिरा असतात, त्यामुळे त्याला नावात काही खटकत नाही. पण रिपोर्ट हातात पडतो तो फॅमिली डॉक्टरच्या. ‘सुपरफिशियल’ शिरेत गुठळी आहे असं तो वाचतो आणि निर्धास्त होतो.

१९९५ साली विल्यम बंडेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात याच शिरेवर एक लेख लिहिला. त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, की सुपरफिशियल फीमोरल शिरेत ताजी गुठळी असलेला रुग्ण आला तर तुम्ही काय कराल? फिजिशियन आणि फॅमिली डॉक्टरांपैकी बहुतेकांनी रक्त पातळ करणारं औषध दिलं नसतं, असं निघालं. लेखाच्या शीर्षकातच या नावाला जिवावर बेतू शकणारं चुकीचं नाव म्हटलं होतं. मला हा लेख वैद्यकीय लेखनातल्या अतिशय मोलाच्या लेखांपैकी एक वाटतो. त्यात नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. एक विशेषण काढून टाका, एवढीच मागणी आहे.

मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली. डॉक्टर नाही, ग्रंथपाल. शरीराची माझी ओळख झाली ती शब्दसूचीतून. प्रबंधासाठी संदर्भ शोधायला येणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या शेजारी बसून शब्द बदलून बदलून शोध घ्यायचा, हे माझं रोजचं काम होतं. त्या खुर्चीवरून एक गोष्ट जितकी स्वच्छ दिसते तितकी ती वॉर्डात दिसत नसावी: लिहिणारा आणि वाचणारा यांची कधीच भेट होणार नसते. मिरजेतला निवासी डॉक्टर ग्लासगोच्या सर्जनचा चाळीस वर्षांपूर्वीचा लेख वाचतो. ‘तुम्हाला नेमकी कोणती शीर म्हणायची होती?’ असं त्याला विचारता येत नाही. दोघांमध्ये असतं ते फक्त नाव.

एका अवयवाला एकच नाव असावं, हा विचार काही नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकांमध्ये सुमारे ५०,००० नावं फिरत होती. जर्मन पुस्तकात एक, फ्रेंच पुस्तकात दुसरं, आणि प्रत्येक प्राध्यापकाला आपल्या गुरूचं नाव पुढे चालवायची हौस. शेवटी जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांच्या संघटनेने ते सगळं चाळून, गाळून १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात सुमारे ५,००० लॅटिन नावांची यादी मंजूर केली. ‘बाझल नोमिना अ‍ॅनाटोमिका’. विल्हेल्म हिस यांनी ती प्रसिद्ध केली. तिची तत्त्वं आजही वाचावीत अशी आहेत. प्रत्येक रचनेला एक नाव, ते शक्यतो छोटं, आणि शेजारी-शेजारी असलेल्यांना एकाच धाटणीची नावं: मांडीच्या धमनीला, शिरेला आणि मज्जातंतूला तिन्हीकडे ‘फीमोरल’. माणसांच्या नावावरून अवयवांची नावं ठेवू नयेत.

पुढे ब्रिटिशांनी १९३३ मध्ये बर्मिंगहॅमला आपली वेगळी आवृत्ती काढली, जर्मनांनी येनाला आपली. आवृत्त्यांची ही ओढाताण १९५५ मध्ये पॅरिसला नवी आंतरराष्ट्रीय यादी मंजूर झाली तेव्हा कुठे निवळली. आज प्रमाण मानली जाते ती ‘टर्मिनोलॉजिया अ‍ॅनाटोमिका’, १९९८ची, आणि तिची २०१९ची दुसरी आवृत्ती.

आता आपल्या शिरेकडे परत येते. १९९८च्या या यादीत ‘सुपरफिशियल फीमोरल व्हेन’ नाहीच! तिथे साधी ‘व्हेना फीमोरालिस’ आहे. यादी बरोबर होती आणि तरीही ते घातक नाव रिपोर्टांवर छापलं जात होतं. कारण यादी करणारे शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे होते आणि नाव वापरणारे डॉप्लरच्या यंत्राशी. एकमेकांची पुस्तकं ते उघडतच नव्हते. हे सुधारलं ते दोघं एकत्र बसले तेव्हा. २००१ मध्ये रोमला शिरांच्या विकारांवरच्या जागतिक परिषदेच्या वेळी शरीररचनेचे आणि शिरांचे तज्ज्ञ एकत्र बसले, आणि पुढच्या वर्षी त्यांचा मसुदा छापून आला. त्यात सांगितलं, की ‘सुपरफिशियल’ गाळा, नुसतं ‘फीमोरल व्हेन’ म्हणा. आणि जांघेजवळचा एकत्र झालेला भाग तो ‘कॉमन फीमोरल’.

त्याच बैठकीत आणखी एका जोडीची नावं मार्गी लागली, आणि तिचा संबंध आपल्याकडच्या डॉक्टरांशी थेट आहे. पायात कातडीखाली दोन मोठ्या शिरा असतात. घोट्याच्या आतल्या बाजूने निघून मांडीच्या वरपर्यंत जाणारी एक, जी हृदयाच्या बायपाससाठी काढून घेतात. आणि पोटरीच्या मागून गुडघ्यापर्यंत जाणारी दुसरी. ब्रिटिश परंपरेत पहिली ‘लाँग सॅफेनस’, दुसरी ‘शॉर्ट सॅफेनस’. अमेरिकी परंपरेत पहिली ‘ग्रेटर’, दुसरी ‘लेसर’. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची, म्हणून आपल्याकडचे सर्जन ‘लाँग-शॉर्ट’ म्हणत वाढले. आता घाईत लिहिलेली ‘एलएसव्ही’ ही तीन अक्षरं घ्या. मुंबईत शिकलेल्यासाठी ती ‘लाँग सॅफेनस व्हेन’, म्हणजे लांब शीर, शिकागोत शिकलेल्यासाठी ‘लेसर’, म्हणजे लहान शीर. एकाच अक्षरात नेमकी उलट शीर! रोमच्या मंडळींनी ‘ग्रेट’ आणि ‘स्मॉल’ ही नावं पक्की केली, म्हणजे लघुरूपंही ‘जीएसव्ही’ आणि ‘एसएसव्ही’ अशी, एकमेकांत न मिसळणारी. लघुरूपाचा विचार करून नाव ठरवणं, याला मी खरी कामाची नामनिश्चिती म्हणते.

पण इथेच माझ्या बाजूचं काम सुरू होतं, आणि त्याविषयी फार कमी बोललं जातं. नाव बदललं म्हणून जुने लेख बदलत नाहीत.

शस्त्रक्रिया विभागातली एक निवासी डॉक्टर एकदा वैतागून आली. “मॅडम, सर म्हणतात या शिरेवर ढीगभर काम झालंय. मला तर मोजकेच लेख दिसतायत.”

“काय टाईप केलंत?”

तिने ‘स्मॉल सॅफेनस व्हेन’ हे नवं, शुद्ध, प्रमाण नाव टाकलं होतं, आणि शिस्तीची मुलगी म्हणून ते अवतरणचिन्हांत घातलं होतं. पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायच्या संकेतस्थळावर, साधे शब्द टाकले तर ते आपणहून विषयसूचीतल्या अधिकृत शीर्षकाशी जुळवून पाहतं. अवतरणचिन्हं आली की ही जुळवणी थांबते आणि तेवढीच अक्षरं जशीच्या तशी शोधली जातात. त्यामुळे ‘शॉर्ट सॅफेनस’ लिहिणारे सगळे ब्रिटिश आणि भारतीय सर्जन, ‘लेसर’ लिहिणारे सगळे अमेरिकी तिच्या यादीतून बाहेर पडले होते. तिन्ही नावं एकामागोमाग टाकल्यावर पडदा भरून गेला. “म्हणजे बरोबर नाव वापरल्याची शिक्षा?” असं ती म्हणाली. तिचा राग रास्तच होता.

विषयसूची हा प्रकार अशा वेळी मदतीला यावा म्हणूनच जन्माला आला. १८७९ मध्ये जॉन शॉ बिलिंग्ज यांनी वॉशिंग्टनला ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केला. जगभरच्या वैद्यकीय लेखांची विषयवार सूची. त्याचे जाडजूड खंड आमच्याही कपाटांत होते. छापील इंडेक्स २००४च्या अखेरीस बंद झाला. त्याच्या आधी, १९६० मध्ये, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने ‘मेश’ नावाची नियंत्रित शब्दसूची आणली. लेख कुठल्याही शब्दांत लिहिलेला असो, सूचीकार तो वाचून ठरलेलं शीर्षक लावणार. मेशचं पहिलंच दालन शरीररचनेचं आहे. प्रत्येक शीर्षकाखाली समानार्थी नावांची रांग असते, आणि त्यातलं कुठलंही टाकलं तरी माणूस त्याच जागी पोचतो.

मेशची रचना मला मनापासून आवडते, पण तिच्या मर्यादा शोधणाऱ्याला माहीत हव्यात. सर्जन ज्या दोन शिरांवरून इतका वाद घालतात, त्या दोघींना मेशमध्ये मिळून एकच शीर्षक आहे, ‘सॅफेनस व्हेन’. तिथे ‘लेग’ म्हणजे फक्त गुडघा ते घोटा, आणि ‘आर्म’ म्हणजे फक्त खांदा ते कोपर. शरीररचनेच्या पुस्तकानुसार हे अगदी बरोबर. पण इंग्रजी बोलणारा सामान्य माणूससुद्धा ‘लेग’ म्हणताना मांडी वगळत नाही. अख्खा पाय हवा असेल तर ‘लोअर एक्स्ट्रिमिटी’ शोधावं लागतं. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी मांडीवरचे सगळे लेख गमावतो आणि आपण काही गमावलं हेही त्याला कळत नाही. २०२२ पासून ही शीर्षकं लावण्याचं काम मुख्यतः संगणकाचा प्रोग्रॅम करतो. वेग वाढला, यात शंका नाही. मात्र ‘एलएसव्ही’ पाहून थबकणारा, लेखक ग्लासगोचा की शिकागोचा हे तपासणारा माणूस त्या टेबलाशी आता क्वचितच असतो. म्हणूनच लेखकाने स्वतः नेमकं लिहिणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे.

माणसांच्या नावांवरून पडलेल्या अवयवांच्या नावांचं काय करायचं, हाही जुना तंटा. बाझलच्या मंडळींनी ती नकोत असं ठरवून सव्वाशे वर्षं उलटली. तरी मेशमध्ये गर्भनलिकांचं शीर्षक आजही ‘फॅलोपियन ट्यूब्ज’ आहे, कानापासून घशाकडे जाणाऱ्या नळीचं ‘युस्टेशियन ट्यूब’, मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्याचं ‘सर्कल ऑफ विलिस’. प्रमाण यादी एक म्हणते, सूची दुसरं. पूर्वी मला हा ढिसाळपणा वाटायचा. आता वाटत नाही. प्रमाण यादीने नाव कसं असावं ते सांगायचं, सूचीने लोक काय लिहितात ते ऐकायचं. दोघींची कामं वेगळी आहेत, फक्त दोघींमधली वाट उघडी हवी.

यातलं सगळ्यात अवघड उदाहरण फुप्फुसातल्या एका पेशीचं. सूक्ष्म श्वासनलिकांच्या अस्तरातल्या या पेशींचं वर्णन लाइपझिगच्या माक्स क्लारा यांनी १९३७ मध्ये केलं आणि त्या ‘क्लारा पेशी’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. क्लारा नाझी पक्षाचे सक्रिय सदस्य होते, आणि त्यांनी वापरलेल्या ऊती मृत्युदंड दिलेल्या कैद्यांच्या होत्या. हे पुढे आल्यावर श्वसनविकारांवरच्या प्रमुख नियतकालिकांनी २०१३ पासून हे नाव सोडून ‘क्लब सेल’ म्हणायचं ठरवलं. मधल्या काळात जुनं नाव कंसात द्यायची मुभा होती. हा निर्णय मला पूर्ण मान्य आहे. ज्याच्या संशोधनाखाली असे देह आहेत त्याचं नाव शरीरात कोरून ठेवू नये. पण पाऊणशे वर्षांचे लेख जुन्याच नावाने छापलेले आहेत. सूचीतूनही ते पुसलं तर त्या पेशीविषयी जमा झालेलं ज्ञान सापडेनासं होईल, आणि त्या कैद्यांचा इतिहासही. वापरातून नाव काढायचं आणि सूचीत मात्र जपून ठेवायचं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव असतं. तो दाखला कुणी फाडून टाकत नाही, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा कागद त्याला जोडतात.

जुन्या वैद्यांना हे कळत होतं असं मला सुश्रुतसंहितेतल्या एका जागेवरून वाटतं. शारीरस्थानात हाडांची संख्या सांगताना सुश्रुत नोंदवतो, की वेदवादी ३६० हाडं मानतात, पण शल्यतंत्रात ती ३००च. आज आपण प्रौढ माणसाची २०६ मोजतो. आकड्यांचा फरक बराचसा एक हाड कशाला म्हणायचं यातून येतो. दात, नखं, कूर्चा धरायच्या की नाहीत, यावरून हिशोब बदलतो. सुश्रुताने आपला आकडा ठामपणे सांगितला, पण दुसऱ्यांचा आकडा गाळला नाही आणि तो कुणाचा हेही लिहून ठेवलं. उत्तम सूचीकाराचं काम याहून वेगळं नसतं.

नावांची भानगड नको म्हणून आकडे वापरावेत, असंही कुणी सुचवतं. दातांच्या डॉक्टरांनी ते करून पाहिलेलं आहे. आपल्याकडे वापरात असलेल्या, एफडीआय या दंतवैद्यांच्या जागतिक संघटनेच्या दोन आकडी पद्धतीत १८ म्हणजे वरच्या जबड्यातली उजवीकडची अक्कलदाढ. अमेरिकेतल्या पद्धतीत १ ते ३२ सलग आकडे आहेत, आणि तिथे १८ म्हणजे खालच्या जबड्यातली डावीकडची अक्कलदाढेच्या अलीकडची दाढ. न्यू जर्सीत राहणारी आपली मंडळी सुट्टीत पुण्याला आली की दातांची कामं उरकून घेतात. तिकडचा कागद घेऊन आलात तर आकड्याबरोबर दाढेचं नाव आणि बाजू लिहून आणा, हे माझं कळकळीचं सांगणं. बोटांचंही तसंच. ‘दुसरं बोट’ म्हणजे अंगठ्यापासून दुसरं की अंगठा सोडून? मराठीत अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी ही पाच स्वच्छ नावं आहेत. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर ती लिहायला काय हरकत आहे?

संमतीपत्राचा विषय निघालाच आहे तर आपल्या बोलीकडे यायलाच हवं. ‘ढोपर’ म्हणजे कुणाच्या घरी गुडघा तर कुणाच्या घरी कोपर, आणि दोन्हीकडची माणसं आपलंच बरोबर म्हणून भांडतात. ‘टाळू’ म्हणजे तोंडातली वरची बाजू, आणि तान्ह्या बाळाच्या डोक्यावरचा मऊ भागही. ‘जांघ’ मराठीत मांडीच्या वरचा सांधा, पण हिंदीत अख्खी मांडी. मुंबईच्या सरकारी रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागात मराठी इंटर्न हिंदी बोलणाऱ्या बाईंचं ऐकून कागदावर लिहितो, तेव्हा या एका शब्दात दुखण्याची जागा वीतभर सरकते. आणि आपण ज्या शिरेपासून सुरुवात केली ती नेमकी याच वीतभर जागेत आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘धमनी-शिरा’ आणि ‘रोहिणी-नीला’ या दोन जोड्या चालतात, त्याची मला फारशी चिंता नाही. पुस्तक वाचणारा संदर्भाने समजून घेतो. चिंता आहे ती रुग्ण जे बोलतो आणि नोंद जी होते, त्या दोघांमधल्या फटीची.

ही फट बुजवायचं साधन आपल्याकडे आहे, आणि तेही पुण्यात. भारत २०१४ मध्ये ‘स्नोमेड सीटी’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शब्दसंग्रहाचा सदस्य झाला. त्याचं आपल्या देशासाठीचं काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय केंद्रातून चालतं. स्नोमेडमध्ये प्रत्येक संकल्पनेला एक कायमचा क्रमांक असतो; नावं त्याला बाहेरून जोडलेली असतात, हवी तितकी आणि हव्या त्या भाषेत. मांडीच्या त्या शिरेचा क्रमांक एकच. त्याला जुनं नाव, नवं नाव, लॅटिन नाव सगळं टांगता येतं, आणि डावी की उजवी हेही वेगळं नोंदता येतं. म्हणजे बाझलपासून ज्या दोन गरजा एकमेकींशी भांडत होत्या, एकच नाव हवं ही आणि कुठलंच नाव हरवू नये ही, त्या दोन्ही इथे शेजारी नांदू शकतात.

मग त्या क्रमांकांना आपले शब्दही जोडावेत, असं मला फार वाटतं. संस्कृतातून घडवलेले शब्द असू देत. पण त्यांच्याबरोबर नडगी, पोटरी, जांघ, माकडहाड, टाळू हेही असावेत, आणि ज्या शब्दाचे दोन अर्थ आहेत त्यापुढे कुठल्या भागात कोणता अर्थ चालतो हे लिहिलेलं असावं. हे काम समितीच्या खोलीत बसून होणार नाही. ते परिचारिकांना, आशाताईंना आणि ग्रामीण रुग्णालयातल्या इंटर्नना येतं, कारण ते शब्द रोज त्यांच्या कानावर पडतात. ओळखीच्या इंटर्नना मी सांगते, की रुग्णाने उच्चारलेला अवयवाचा शब्द तसाच लिहा, खाली त्याने बोट कुठे ठेवलं ते लिहा, आणि तालुका लिहा. वाळव्यातली, कणकवलीतली, मेळघाटातली अशी टिपणं एकत्र आली तर पुढचं जोडणीचं काम करायला मी आजही तयार आहे. ते मला येतं.